गेलेल्यांचे पत्ते

माझी भाची नोकरीनिमित्त दोन वर्षं रवांडात राहून आली. येताना तिनं माझ्यासाठी कॉफीचं पाकीट आणलं आणि सोबत एक प्रश्नही. किगाली शहरात गिसोझी नावाची टेकडी आहे. १९९४च्या वंशसंहारात मारल्या गेलेल्या अडीच लाखांहून जास्त माणसांना तिथं पुरलंय, आणि तिथंच २००४ साली स्मारक उघडलं. त्यातलं एक दालन लहान मुलांचं आहे. भिंतीवर एकेका मुलाचा मोठा फोटो आणि खाली मोजक्या ओळी. नाव, वय, आवडतं खेळणं, आवडता खाऊ.

"मामा, त्या खाऊच्या ओळीपाशी मला रडू आवरेना," ती म्हणाली. "आपल्या मुंबईत असं काय आहे?"

'असं' या शब्दाशी मी अडलो. शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं ठरवून, याद्या करून मारली गेली, तसं मुंबईत घडलेलं नाही. इथं पोलिसांचे गोळीबार झाले, दंगली झाल्या, बॉम्ब फुटले. सगळ्याला एकच शब्द लावणं म्हणजे तिथल्या आणि इथल्या, दोन्ही मेलेल्यांचा हिशेब चुकवणं. पण गेलेल्या माणसांना हे शहर कसं सांभाळतं, ते तिला दाखवता आलं असतं. म्हटलं, रविवारी सकाळी सातला दादरला प्लाझापाशी ये, पायात चपला नको, बूट घाल.

ती आली तेव्हा मी प्लाझाच्या पायरीशी उभा होतो. १२ मार्च १९९३ला शहरात बारा ठिकाणी स्फोट झाले, २५७ माणसं गेली, त्या बारांतलं एक ठिकाण हे, असं मी सांगितलं. तिनं वर लागलेल्या मराठी सिनेमाच्या पोस्टरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिनं याच थिएटरात निदान दहा सिनेमे पाहिले असतील. पॉपकॉर्न सांडल्याबद्दल एकदा माझी बोलणीही खाल्ली होती. "मला कुणी सांगितलं नाही," ती म्हणाली. खरं आहे. मीच सांगितलं नव्हतं.

दादरहून आम्ही भुयारी मेट्रो घेतली. २०२५च्या ऑक्टोबरात ती थेट कफ परेडपर्यंत पोचली. या मार्गावर वरळीला एक स्टेशन आहे आचार्य अत्रे चौक आणि पुढे फोर्टात हुतात्मा चौक. अत्र्यांनी ज्या हुतात्म्यांसाठी 'मराठा' दैनिकाचे रकानेच्या रकाने पेटवले, त्यांच्यापर्यंत आता वातानुकूलित डब्यातून जाता येतं. डब्यात स्टेशनाचं नाव पुकारलं गेलं तेव्हा समोरच्या बाकावरच्या पोरानं कानातले इयरफोन काढले, 'फाउंटन आलं काय?' असं शेजाऱ्याला विचारलं आणि उठला. बेस्टचे जुने कंडक्टरही फाउंटनच म्हणायचे. बसवर पाटी हुतात्मा चौकाची, तोंडात मात्र फाउंटन. मला पूर्वी त्याचा राग यायचा. आता वाटतं, दोन्ही नावं चालू आहेत तोवर ठीक.

फाउंटनवरची फ्लोरा नावाची ही रोमन देवी १८६४ साली उभी राहिली. खरं तर ती राणीच्या बागेसाठी घडवली होती, पण आली इथं. तिच्या शेजारी हातात मशाल घेतलेला शेतकरी आणि कामगार. रविवारी सकाळी फोर्ट रिकामं असतं, म्हणून दोघांकडेही नीट पाहता येतं. एरवी इथं थांबून वर पाहणारा माणूस बसखाली यायचा.

२१ नोव्हेंबर १९५५. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे दिवस. आदल्या दिवशी गिरगाव चौपाटीवर मोरारजी देसाई आणि स. का. पाटील यांची सभा लोकांनी उधळली होती. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, हे त्या सभेत ज्या सुरात सांगितलं गेलं, तो सूर गिरणगावाच्या वर्मी लागला. दुसऱ्या दिवशी संप, मोर्चा. मोर्चाला जायचं होतं विधिमंडळावर. ते तेव्हा रीगलसमोरच्या जुन्या कौन्सिल हॉलमध्ये भरायचं. आज त्याच इमारतीत राज्याच्या पोलीस महासंचालकांचं मुख्यालय आहे. मोर्चा फाउंटनलाच अडला आणि गोळीबार झाला. त्या दिवशी पंधरा माणसं मेली. मग १६ जानेवारी १९५६ला नेहरूंनी मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा केली, शहर पुन्हा पेटलं, आणि पुढच्या चार-सहा दिवसांतल्या गोळीबारांत त्याहून कितीतरी जास्त माणसं गेली. गिरगाव, लालबाग, परळ, आणि तिकडे बेळगावसुद्धा. एकूण किती? कुणी १०५ म्हणतं, कुणी १०६, कुणी १०७. माझ्या शाळेत १०५ शिकवले. हल्लीच्या भाषणांत १०६ असतात, कधी १०७. आकडा एकानं वाढतो तेव्हा कुठल्या तरी घराची इतक्या वर्षांची वाट संपलेली असते, असं माझ्या मनात येतं.

मी घरून एका जुन्या स्मरणिकेतलं पान घडी करून आणलं होतं. त्यावर सगळी नावं होती. भाचीला म्हटलं, मोठ्यानं वाच. सीताराम बनाजी पवार. जोसेफ डेव्हिड पेजारकर. चिमणलाल डी. शेठ. भास्कर नारायण कामतेकर. रामचंद्र सेवाराम... ती थांबली.

"चिमणलाल शेठ? गुजराती ना?"

"पुढे वाच."

के. जे. झेवियर. पी. एस. जॉन. वेदीसिंग. खाली आणखी काही अंतरावर महंमद अली. आणि पेजारकर? पेझारी हे अलिबागकडचं पोयनाडजवळचं गाव, गावाला कर लावून आडनाव करायची बेने इस्रायलींची रीत; जोसेफ डेव्हिड या नावाची ठेवणही तीच. संयुक्त महाराष्ट्राचा लढा हा मराठी विरुद्ध गुजराती होता, असं मी लहानपणापासून ऐकत आलो. त्याच्या बाजूनं बोलणाऱ्यांकडून ऐकलं आणि विरुद्ध बोलणाऱ्यांकडूनही. हे पान दोघांनाही गप्प करतं. यांतला कोण घोषणा देत होता, कोण कामावरून घरी चालला होता, कोण नुसता काय गडबड आहे म्हणून खिडकीत आला होता, गोळीला त्याच्याशी कर्तव्य नव्हतं. पण लोकांनी यादी केली तेव्हा आडनाव पाहून कुणाला वगळलं नाही. दरवर्षी १ मेला इथं पुष्पचक्रं वाहतात तेव्हा ती चिमणलाल शेठांनाही वाहिलेली असतात. व्यासपीठावरच्या भाषणांत ते फारसं येत नाही, एवढंच.

"हे पान मी ठेवू?" तिनं विचारलं. दिलं.

फोर्टातून चालत आम्ही काळबादेवीत शिरलो. रविवार म्हणून कापडबाजाराची शटरं खाली, हातगाड्या उलट्या करून भिंतीला टेकवलेल्या. इथला बाबू गेनू रोड सगळ्यांना माहीत असतो. भांडी, कापड, लग्नाच्या पत्रिका, कशासाठी ना कशासाठी माणूस तिथून गेलेला असतो. बाबू गेनू सैद आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा, गिरणीत कामाला. १२ डिसेंबर १९३०ला विलायती कापडानं भरलेली लॉरी पोलीस बंदोबस्तात निघाली. हा बावीस वर्षांचा पोरगा तिच्या पुढ्यात आडवा झाला. हिंदी चालकानं गाडी पुढे घ्यायला नकार दिला, मग गोऱ्या सार्जंटानं चाक हातात घेतलं, असं सांगतात. लॉरी अंगावरून गेली. एका बंद दुकानाच्या पाटीवरचा पत्ता भाची वाचत होती. दुकान नंबर, इमारत, बाबू गेनू रोड, मुंबई २. "म्हणजे यांच्या प्रत्येक बिलावर त्याचं नाव छापलंय," ती म्हणाली. "पण वाचतं कोण?" मी म्हटलं, पोस्टमन वाचतो.

ठाकूरद्वारला विनयमध्ये मिसळ खाल्ली. स्मारकं पाहायला निघालेल्या माणसांनी मिसळ खावी का, असा प्रश्न तिनं आधी विचारला आणि मग दुसरा पाव मागवला. तिथून पायी मुगभाटात. मुगभाट गल्लीला बंडू गोखले पथ म्हणतात. स्मरणिकेतल्या पानावर 'गजानन ऊर्फ बंडू गोखले' असं आहे. यादीतल्या इतक्या नावांत हा 'ऊर्फ' माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. सरकारी कागदावर गजानन, पण गल्लीत हाक मारायची तर बंडू. आणि महापालिकेनं पाटी लावताना गजानन सोडून बंडू ठेवला. किगालीतल्या त्या आवडत्या खाऊच्या ओळीच्या सर्वांत जवळ जाणारं असं मुंबईत काही असेल, तर ही निळी पाटी. पाटीखाली एक आजीबाई मेथी निवडत बसल्या होत्या. भाचीनं फोटो काढला तसं त्या म्हणाल्या, "बिल्डिंगचा काढतेस का? पाडतायत आता, काढून घे."

चौपाटीपर्यंतचं अंतर फार नाही. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री चौपाटीच्याच रस्त्यावर नाकाबंदीत सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी दहशतवादी कसाबच्या बंदुकीची नळी दोन्ही हातांनी धरून ठेवली आणि सोडली नाही. पोटात गोळ्या घेतल्या. त्या मिठीमुळे तो जिवंत सापडला. साताऱ्याकडच्या केडंब्याचा हा माणूस, आधी लष्करात होता. मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. चौपाटीजवळ त्यांचा पुतळा आहे. त्या सकाळी पुतळ्याच्या गळ्यात आदल्या कुठल्या तरी दिवसाचा सुकलेला हार होता आणि कठड्यावर एक फुगेवाला पंप लावून बसला होता. यातलं काहीच मला खटकलं नाही. भाचीला मी आणखी एक सांगितलं, जे तिला सगळ्यांत आवडलं: ठाणे-कल्याण भागात सापडलेल्या एका उड्या मारणाऱ्या कोळ्याला २०२१ साली संशोधकांनी 'आयसियस तुकारामी' असं नाव दिलं. पुतळ्याचे हार सुकतात. कोळी पोरं घालत राहतो.

भायखळ्यापर्यंत टॅक्सी केली, ऊन चढलं होतं. अग्निशमन दलाच्या मुख्यालयातलं स्मारक १४ एप्रिल १९४४चं. त्या दुपारी चारच्या सुमारास व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाज फुटलं. जहाजात कापसाच्या गासड्या आणि सुमारे चौदाशे टन स्फोटकं एकत्र भरलेली, वर सोन्याच्या विटा. हे एकत्र भरणाऱ्याचं डोकं काय होतं कोण जाणे. आग लागली तेव्हा बंबवाले जहाजावर चढून पाणी मारत होते. त्यांतले ६६ जण गेले. सोन्याच्या विटा पुढे कित्येक वर्षं गोदीतला गाळ उपसताना सापडत राहिल्या. १४ एप्रिल देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात तो यामुळे. मुंबईत त्याच दिवशी आंबेडकर जयंतीचे ढोल वाजत असतात, त्यामुळे या ६६ जणांची मानवंदना बाहेर रस्त्यावर कधी ऐकू येत नाही.

तिथून लालबाग. पुलाखालून जाताना भाचीला भारतमाता थिएटर दाखवलं, बंद गिरण्यांच्या जागी उभे राहिलेले काचेचे टॉवर दाखवले. आणखी पुढे, परळच्या बाजूला, २२ फेब्रुवारी १९४६ला नाविकांच्या बंडाला पाठिंबा म्हणून रस्त्यावर आलेल्या लोकांवर लष्करानं गोळ्या झाडल्या, त्यात कमल दोंदे गेल्या. त्या कुठल्या कोपऱ्यावर पडल्या ते सांगणारं आम्हाला कुणी भेटलं नाही. एका पानवाल्यानं विचार करून 'दोंदे डॉक्टर काय?' असं विचारलं.

"आणि ब्याण्णव-त्र्याण्णवचं?" भाचीनं चालता चालता विचारलं. मला वाटलंच होतं ती विचारणार.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३च्या दंगलींत श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे ९०० माणसं मेली: ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, ४५ जणांची ओळख पटली नाही आणि ५ इतर. स्फोटात गेलेल्यांपेक्षा तिपटीहून जास्त. पण रस्त्यानं जाताना दिसेल असा त्यांच्या नावाचा दगड मला माहीत नाही, की गल्लीची पाटी नाही. कुठल्याच पत्त्यात ती माणसं आली नाहीत. हुतात्म्यांना मारणारं सरकार होतं, ओंबळ्यांना मारणारा सीमेपलीकडून आला होता. अशा वेळी दगड उभा करायला हात पटकन पुढे येतात. शेजाऱ्यानं शेजाऱ्याला मारलं की दगडावर काय कोरायचं यावरच गाडी अडते. रवांडातही शेजाऱ्यांनीच मारलं होतं, आणि तिथं त्यांनी कोरलं. मला त्याचं नवल वाटतं आणि थोडी लाजही.

तरी काहीच झालं नाही असं नाही. १९८४च्या दंगलीत होरपळलेल्या भिवंडीत सुरेश खोपडे या पोलीस अधिकाऱ्यानं मोहल्ला समित्या बांधल्या. दोन्हीकडची साधी माणसं, यंत्रमागवाले, दुकानदार, दर आठवड्याला चौकीत नाहीतर गल्लीत बसायची. ब्याण्णवला मुंबई जळली, भिवंडी जळली नाही. मग मुंबईतही ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे, पोलीस आयुक्त सतीश साहनी यांनी ते काम उभं केलं, वस्त्या-वस्त्यांतल्या पोरांचे क्रिकेटचे सामने लावले. हे मी भाचीला सांगितलं. तिनं विचारलं, "आणि तू कुठे होतास?"

मी बावीस वर्षांचा होतो आणि हातात हॉकीची काठी घेऊन चाळीच्या दारात उभा होतो.

लालबागची आमची चाळ, तिसरा मजला. गिरण्यांच्या मोठ्या संपानंतर वडिलांची गिरणी पुन्हा सुरू झालीच नव्हती. पहाटे साडेपाचला सायकलवर पेटी बांधून पाववाले चाचा यायचे, मदनपुऱ्याकडच्या बेकरीतून. जिन्यात त्यांचा आवाज आला की आई दार उघडायची. रोजचे पैसे कुणी देत नसे. दाराच्या चौकटीशेजारी भिंतीवर चाचा पेन्सिलीनं रेघ मारायचे, एक लादी एक रेघ, चार झाल्या की पाचवी आडवी. महिना संपला की आई पैसे द्यायची आणि ओल्या फडक्यानं भिंत पुसायची. म्हणून तेवढीच जागा सगळ्या भिंतीत काळपट झालेली.

जानेवारीच्या पाच रेघा झाल्या. सहा तारखेपासून चाचा आले नाहीत. रात्री समुद्रातून हत्यारं येतायत अशी अफवा उठली, चाळीची गस्त सुरू झाली, मीही गेलो. त्या पंधरा दिवसांत चाचा जिन्यात आले असते तर मी काय केलं असतं, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. नसतेच आले, हे सोपं उत्तर. आईनं त्या पाच रेघा पुसल्या नाहीत. फेब्रुवारी गेला, मार्चमध्ये स्फोट झाले, वर्तमानपत्रं भरून गेली, रेघा तशाच. शेजारच्या वहिनी एकदा म्हणाल्या, आता पुसून टाका की. आई म्हणाली, पैसे दिल्याशिवाय कसं पुसू?

एप्रिलमध्ये, मुलांच्या परीक्षा संपायच्या सुमारास, साडेपाचला जिन्यात सायकलची पेटी भिंतीला घासल्याचा आवाज आला. मी अंथरुणात जागा होतो. दार उघडलं. आधी कुणीच बोललं नाही. मग आई म्हणाली, "चाचा, पाच दिवसांचे राहिलेत तुमचे."

"छोडो ना माई."

"सोडायचे कशाला? पाव खाल्लेत आम्ही."

डब्यातली चिल्लर मोजल्याचा आवाज आला. मग फडकं फिरल्याचा. आणि मग पेन्सिलीची एक रेघ.

त्यांच्याकडे काय झालं, कोण गेलं, कोण राहिलं, ते चाळीत कुणी विचारलं नाही. मीही नाही. ते पुढे सहा-सात वर्षं येत राहिले.

भाची बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ती भिंत दाखव." चाळ कधीच पाडली, मी सांगितलं. तरी चल, म्हणाली.

चाळीच्या जागी आता बावीस मजली इमारत आहे, वर चार मजले गाड्यांचे. फाटकाशी लाकडी टेबल, त्यावर सुतळीनं बांधलेलं पेन आणि रजिस्टर. वॉचमन कोकणातला वाटला. आम्ही वर पाहत उभे आहोत हे त्यानं थोडा वेळ चालवून घेतलं, मग रजिस्टर पुढे सरकवलं. तारीख, नाव, गाडी नंबर, आणि शेवटचा रकाना 'कोणाकडे'. भाचीनं पेन घेतलं. तारीख घातली, आपलं नाव लिहिलं, गाडीच्या रकान्यात रेघ मारली.

"मामा," ती खाली पाहतच म्हणाली, "चाचांचं नाव काय होतं?"

वॉचमन म्हणाला, "ताई, फ्लॅट नंबर टाकला तरी चालेल."